डोळ्यांत खुपणाऱ्या रेषा

पांढऱ्या कार्डावर बशीएवढं एक वर्तुळ छापलेलं आहे. त्यात या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवे काळे-पांढरे पट्टे, काळा जेवढा जाड तेवढाच पांढरा. मधोमध एक ठिपका. समोर बसलेल्या माणसाने त्या ठिपक्यावर काही सेकंद नजर रोखायची आणि काय दिसतं ते सांगायचं. चित्र छापील आहे, हलत नाही. तरी कुणी सांगतं, रेषा थरथरतायत. कुणाला त्या वाकलेल्या दिसतात, कुणाला पांढऱ्या भागात गुलाबी-हिरवी झाक दिसते, कुणाला एक रेघ दुसरीत मिसळल्यासारखी वाटते. काहींना यातलं काहीच दिसत नाही. आणि काही जण कार्ड खाली ठेवून मान फिरवतात, कारण कपाळात कळ यायला सुरुवात झालेली असते.

हा नंबर वाढल्याचा परिणाम नव्हे. बरोबर नंबरचा चष्मा असलेल्यांनाही हे होतं. डोळ्याने चित्र नीट टिपलेलं असतं. गडबड त्याच्या पुढे, डोक्याच्या मागच्या भागात असलेल्या मेंदूच्या दृष्टिकेंद्रात होते. आर्नल्ड विल्किन्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर याच गडबडीचा पाठपुरावा केला. १९८४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. अपस्माराच्या काही रुग्णांना पट्ट्यांची चित्रं पाहून झटका येऊ शकतो, आणि त्यांच्या ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत-संकेतांच्या आलेखात, नेमका ज्या चित्रांनी बिघाड दिसतो, तीच चित्रं निरोगी माणसांनाही सर्वांत जास्त नकोशी वाटतात. ज्यांचं डोकं वारंवार दुखतं, त्यांना पट्ट्यांत आभासही जास्त दिसतात. म्हणजे एकीकडे झटका आणि दुसरीकडे ‘बघवत नाही बुवा’ असं म्हणणं, ही एकाच उताराची दोन टोकं आहेत. ‘उगीच नखरे’ म्हणून ज्यांची तक्रार उडवून लावली जाते, त्यांच्या बाजूने उभं राहिलेलं हे एक भक्कम मोजमाप.

त्रास देणारं चित्र कसं असतं, याचं नेमकं वर्णनही या कामातून हाती आलं. पट्टे लांब आणि समांतर हवेत. बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी त्या मानाने सौम्य ठरतात. काळा आणि पांढरा भाग सारख्या रुंदीचा हवा. दोन्हींतला फरक ठळक हवा. चित्राने नजरेचा बराच भाग व्यापलेला हवा आणि ते दोन्ही डोळ्यांनी पाहिलेलं हवं. सर्वांत कळीचा मुद्दा पट्ट्यांच्या दाटीचा. नजरेच्या एका अंशात काळ्या-पांढऱ्याच्या साधारण तीन जोड्या बसल्या, की त्रास शिगेला पोचतो. त्याहून खूप बारीक किंवा खूप रुंद पट्टे तितके खुपत नाहीत.

एक अंश म्हणजे किती, हे पाहायला उपकरण लागत नाही. हात पूर्ण ताणून अंगठा डोळ्यांसमोर धरला, तर त्याची रुंदी सुमारे दोन अंश भरते. त्या अंगठ्यामागे पट्ट्यांच्या सहा जोड्या झाकल्या गेल्या, तर ते चित्र त्रासाच्या ऐन मध्यावर आहे असं समजावं. अंतर वाढलं की तोच कोन भरायला पट्टाही तितकाच रुंद लागतो. हातभर अंतरावरच्या कापडावर एक जोडी साडेतीन मिलिमीटरची असेल, तीन मीटरवरच्या भिंतीवर पावणेदोन सेंटिमीटरची, आणि रस्त्यापलीकडे तीस मीटरवर असलेल्या इमारतीच्या आडव्या पट्ट्यांत सतरा-अठरा सेंटिमीटरची. शर्ट, भिंत आणि इमारत, तिघांचाही मेंदूवर होणारा परिणाम एकच.

आता सरकत्या जिन्याकडे पाहा. त्याच्या प्रत्येक पायरीवर धातूच्या उभ्या कडा आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात. एका कडेपासून पुढच्या कडेपर्यंतचं अंतर साधारण नऊ मिलिमीटर असतं. उभ्या माणसाचे डोळे पायरीपासून दीड मीटरच्या आसपास उंचीवर असतात. त्या अंतरावर एक अंश म्हणजे सुमारे सव्वीस मिलिमीटर. हिशेब केला तर एका अंशात जवळजवळ तीन जोड्या येतात! खाचांचं माप जिन्याच्या टोकाला असलेल्या कंगव्यासारख्या पट्टीत बोट किंवा चप्पल अडकू नये म्हणून ठरलेलं आहे. पण डोळ्यांच्या दृष्टीने ते नेमकं सर्वांत वाईट मापावर जाऊन बसलं आहे.

इथे आणखी एक भानगड होते. खोली कळण्यासाठी मेंदू दोन डोळ्यांत पडलेल्या चित्रांची जुळणी करतो. सगळ्या कडा हुबेहूब सारख्या असतील, तर डाव्या डोळ्यातली एक कड उजव्या डोळ्यातल्या शेजारच्या कडेशी चुकून जुळते, आणि पायरी आहे त्यापेक्षा वर किंवा खाली भासते. थिओडोर कोन आणि डेव्हिड लॅस्ली यांनी १९९० साली या आभासाचा संबंध सरकत्या जिन्यांवर होणाऱ्या गोंधळाशी आणि पडण्याशी जोडला. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर सरकत्या जिन्याच्या तोंडाशी पाऊल उचलून पुन्हा मागे घेणारी माणसं रोज दिसतात. त्यांच्या थबकण्याला साडीचा घोळ, हातातली पिशवी, सवय नसणं अशी अनेक कारणं असतील, पण प्रत्येक वेळी ती केवळ भित्री असतात असं मानायचं कारण नाही. पायरी नेमकी कुठे आहे, हे त्यांच्यातल्या काहींना खरोखरच नीट दिसत नसावं.

पट्ट्यांत एवढं काय आहे की मेंदूने बिथरावं? उत्तराचा धागा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका प्रयोगापर्यंत जातो. १९५८ साली डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोघे मांजराच्या दृष्टिकेंद्रातल्या एकेका पेशीचे विद्युत-संकेत ऐकत होते. काचेच्या पट्टीवरचा काळा ठिपका ते पडद्यावर दाखवत, आणि पेशी काही दाद देत नसे. तास गेले. मग काचेची पट्टी यंत्रात सरकवताना अचानक पेशी कडाडली. तिला ठिपक्याशी देणंघेणं नव्हतंच. काचेच्या कडेची पुसटशी सावली पडद्यावरून एका विशिष्ट तिरकसपणाने सरकली होती, आणि तीच तिला हवी होती. दृष्टिकेंद्रातल्या पेशी रेषा ओळखतात, आणि प्रत्येक पेशीचा आवडता कोन, आवडती जाडी ठरलेली असते, हा शोध तिथून पुढे आला. १९८१ सालचं नोबेल पारितोषिक या दोघांनाही मिळालं.

रेषांवर जगणाऱ्या या पेशींना निसर्गात मात्र सलग रेषा फारशा भेटत नाहीत. सह्याद्रीची एखादी रांग घ्या. तिचा मोठा आकार आकाशासमोर ठळक उठून दिसतो. त्याहून लहान आकार, म्हणजे घळी आणि झाडांचे पुंजके, कमी ठळक असतात. पानं आणि काटक्या त्याहूनही कमी. आकार जितका बारीक, तितका त्याचा उठाव कमी, आणि हे प्रमाण समुद्रकिनारा असो की जंगल, बरंचसं सारखंच निघतं. डेव्हिड फील्ड यांनी १९८७ साली हे गणिताने मांडलं. १९९६ साली ब्रूनो ओल्सहाउझेन यांच्यासह त्यांनी पुढची पायरी गाठली. निसर्गातली चित्रं कमीत कमी पेशी वापरून साठवायची, एवढंच काम त्यांनी संगणकाला दिलं. आणि संगणकाने स्वतःहून ज्या ‘पेशी’ घडवल्या, त्या ह्यूबेल-वीझल यांना सापडलेल्या पेशींसारख्या रेषा ओळखणाऱ्याच निघाल्या. आपलं दृष्टिकेंद्र निसर्गाच्या मापाने बेतलेलं आहे, याचा यापेक्षा देखणा पुरावा सापडणं कठीण.

थोड्या पेशींवर भागवणं ही मेंदूची चैन नाही, गरज आहे. शरीराच्या वजनाच्या अवघा दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. पीटर लेनी यांनी २००३ साली हिशेब मांडला, की एका वेळी मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, शंभरातल्या जेमतेम एखाद्या पेशीलाच जोरात काम करणं परवडतं.

पट्टे हा हिशेब उधळून लावतात. रोजच्या दृश्यात पेशींचं काम पंगतीसारखं चालतं: एकाला भात हवा, पलीकडच्याला आमटी, तिसऱ्याचं पान अजून भरलेलं, वाढपी सगळीकडे पुरतात. पट्ट्यांसमोर मात्र अख्खी पंगत एकाच क्षणी ‘भात’ म्हणून ओरडते. एकाच कोनाच्या, एकाच जाडीच्या पेशी दृष्टिकेंद्राच्या मोठ्या भागात एकदम पेटतात. त्यांना आवर घालणाऱ्या पेशीही मेंदूत असतात, पण शेजारच्या अनेक पेशींत त्या सामाईक असतात, आणि सगळ्या बाजूंनी एकाच वेळी मागणी आली की त्या अपुऱ्या पडतात. बहुतेकांच्या मेंदूत हा आवर काठावर का होईना टिकतो. काहींच्या मेंदूत तो सुटतो, उत्तेजनाची लाट पसरत जाते आणि झटका येतो.

हे नुसतं तर्कावर सोडलेलं नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला कवटीवर अवरक्त प्रकाश टाकून परत आलेला प्रकाश मोजला, की तिथल्या रक्तातला प्राणवायू किती वापरला-पुरवला जातोय याचा अंदाज येतो. नकोशी वाटणारी चित्रं पाहताना हा प्रतिसाद मोठा होतो, असं विल्किन्स यांच्या गटाला वारंवार आढळलं. सॅरा हेग आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली रंगीत पट्ट्यांवर हाच प्रयोग केला. शेजारच्या दोन पट्ट्यांच्या रंगांत जितका जास्त फरक, तितका त्रास जास्त आणि रक्ताचा प्रतिसादही मोठा. यावरून विल्किन्स यांनी मांडलेली कल्पना अशी, की अस्वस्थता हा मेंदूचा स्वतःला वाचवण्याचा उपाय असावा: खर्च फार होतोय, तेव्हा नजर वळव. ही कल्पना अजून पूर्णपणे सिद्ध झालेली नाही, पण हाती आलेल्या मोजमापांशी ती चांगली जुळते.

पट्ट्यांप्रमाणे लखलखाटही मेंदूला बिथरवतो, आणि त्यात लाल आणि निळा ही जोडी तर विशेषच घातक. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेचा ३८वा भाग लागला होता. गोष्टीतल्या एका स्फोटाच्या दृश्यात पडदाभर लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा, चारेक सेकंद आलटून-पालटून लखलखले. पाहणाऱ्या मुलांपैकी काहींना डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली, काहींच्या डोळ्यांसमोर अंधारी आली, काहींना आकडी आली. ६८५ मुलांना रुग्णालयांत न्यावं लागलं. त्यांतल्या बऱ्याच मुलांना त्याआधी कधीच झटका आलेला नव्हता. आपल्याला असं काही होऊ शकतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. रात्रीच्या बातम्यांनी ते दृश्य पुन्हा दाखवलं आणि आणखी काही जणांना त्रास झाला. मालिका चार महिने बंद राहिली. तो भाग पुन्हा कधीच प्रसारित झाला नाही.

जपानमध्ये यावर नियम झाले ते १९९८ साली. ब्रिटनमध्ये ते आधीच झाले होते, कारण १९९३ साली तिथे झटपट नूडल्सच्या एका लखलखत्या जाहिरातीमुळे काही प्रेक्षकांना झटके आले होते. त्या नियमांमागे बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातल्या ग्रॅहम हार्डिंग यांचं संशोधन होतं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको, पडद्याच्या पावभागाहून मोठ्या जागेत तर नकोच. गडद लाल लखलखाट विशेष टाळा. पडद्यावर ठळक पट्टे असतील तर काळ्या-पांढऱ्याच्या पाचाहून जास्त जोड्या नकोत. पट्ट्यांनाही या नियमांत जागा मिळाली, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. हार्डिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी संगणकीय चाचणी आज अनेक वाहिन्या प्रसारणाआधी लावतात. तरीही चुका होतात. २००७ साली लंडन ऑलिंपिकच्या बोधचिन्हाची जाहिरात करणारी एक चलचित्रफीत प्रेक्षकांना झटके आल्याच्या तक्रारींनंतर संकेतस्थळावरून काढून टाकावी लागली होती.

प्रकाशामुळे झटका येणारे लोक मोजके असतात, ढोबळमानाने चार हजारांत एक. पण सात ते एकोणीस या वयात हे प्रमाण पाचपट होतं, म्हणजे नेमकं खेळांच्या आणि व्यंगचित्रांच्या पडद्यासमोर बसण्याच्या वयात. सेकंदाला पंधरा ते पंचवीस लखलखाट सर्वांत धोक्याचे. रस्त्याच्या दुतर्फा झाडं असतील आणि सूर्य कललेला असेल, तर धावत्या गाडीत तोंडावर पडणारा ऊन-सावलीचा खेळही असाच वेग पकडू शकतो. ही ओळख जुनी आहे. दुसऱ्या शतकातल्या आपुलेयस या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय, की कुंभाराचं फिरतं चाक पाहून अपस्माराच्या रुग्णाला झटका येऊ शकतो.

लाल रंगच एवढा घातक का, या कोड्यावर बेंगळुरूतही काम झालं आहे. भारतीय विज्ञान संस्थेत सुप्रतिम रे यांची प्रयोगशाळा माकडांच्या दृष्टिकेंद्रातल्या ‘गॅमा’ लहरींचा अभ्यास करते. अनेक पेशी एका तालात, सेकंदाला साधारण तीस ते ऐंशी वेळा धडधडू लागल्या, की या लहरी उमटतात. पट्ट्यांच्या चित्रांनी त्या जोरदार उठतात, हे माहीत होतं. विनय शिरहट्टी आणि रे यांनी २०१८ साली दाखवलं, की पडदाभर नुसता तांबडा रंग दाखवला तरी असामान्य मोठ्या गॅमा लहरी उठतात. इतर रंगांनी तेवढ्या उठत नाहीत. त्याच्या आधीच्या वर्षी डोरा हर्मिस, डोरोथी कास्टेलाइन-नोल्स्ट ट्रेनिटे आणि जोनाथन विनावर यांनी एक तुलना मांडली होती: दृष्टिकेंद्रात मोठ्या गॅमा लहरी उठवणारी चित्रं आणि अपस्माराच्या रुग्णांना धोक्याची ठरणारी चित्रं, या दोन याद्या बऱ्याच अंशी एकच आहेत. निसर्गातली दृश्यं दोन्ही याद्यांत खालीच राहतात. वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळा वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचतायत, आणि या विषयातली ही सर्वांत उमेद देणारी गोष्ट आहे.

झटक्यापेक्षा कितीतरी जास्त घरांत नांदणारा त्रास म्हणजे अर्धशिशी. मार्कस आणि सोसो यांनी १९८९ साली नोंदवलं, की अर्धशिशीच्या रुग्णांना पट्ट्यांचा तिटकारा इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तोही डोकं दुखत नसताना. मिशिगन स्टेट विद्यापीठात जी हुआंग यांनी एमआरआयमध्ये अशा रुग्णांना पट्टे दाखवले, तेव्हा त्यांच्या दृष्टिकेंद्राचा प्रतिसाद इतरांपेक्षा मोठा निघाला. घरातल्या बाईने ‘तो पडदा बदला, मला बघवत नाही’ म्हटलं आणि बाकीच्यांनी ते हसण्यावारी नेलं, असं घडत असेल, तर हा एमआरआय तिच्या बाजूने साक्ष देतो.

डोकेदुखीचं आणखी एक कारण आढ्याला टांगलेलं असतं. भारतातली वीज ब्रिटनप्रमाणेच पन्नास हर्ट्झची. जुन्या जड चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना हे लुकलुकणं दिसत नाही. मेंदूपर्यंत मात्र ते पोचतं. १९८९ साली विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी एका कार्यालयातले साधे चोक बदलून अतिजलद कंपनांचे इलेक्ट्रॉनिक चोक बसवले. कोणता चोक कधी लागला आहे, हे कर्मचाऱ्यांना सांगितलं नव्हतं. डोकेदुखी आणि डोळ्यांच्या तक्रारी निम्म्याहूनही खाली आल्या. एवढ्या साध्या बदलाने एवढा फरक! इलेक्ट्रॉनिक चोक आता सगळीकडे मिळतात. पण निकृष्ट बनावटीचे काही एलईडी दिवेही तसेच शंभर हर्ट्झने लुकलुकतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहिलं आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा त्यातलाच.

छापील पानही पट्टेच असतात, हे मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. काळी ओळ, पांढरी जागा, काळी ओळ. हातातल्या पुस्तकाच्या ओळी एका अंशात दीड-दोन जोड्या भरतात. म्हणजे त्रासाच्या अगदी मध्यावर नसल्या, तरी त्याच्या टप्प्यात. देवनागरीत तर शिरोरेषा प्रत्येक ओळीवर जवळजवळ अखंड काळी रेघ ओढते. विल्किन्स आणि इअन निमो-स्मिथ यांनी १९८०च्या दशकात सुचवलेला उपाय अगदी घरगुती आहे: जाड कागदात दोन-तीन ओळींएवढी खाच कापायची आणि ती पानावरून खाली सरकवत वाचायचं. वरच्या-खालच्या ओळी झाकल्या की पट्ट्यांचं चित्रच मोडतं. ‘अक्षरं हलतात’ असं सांगणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्याआधी डोळ्यांच्या तपासणीबरोबर हा कागद एकदा देऊन पाहायला हरकत नाही. रंगीत काचांचे चष्मे आणि रंगीत पारदर्शक कागद यांचाही बराच गाजावाजा झाला आहे. वाचन सुधारण्याच्या बाबतीत मात्र त्यांचे पुरावे कच्चे असल्याचं आढावे सांगतात; महागडा चष्मा करण्याआधी पालकांना हे ठाऊक असलेलं बरं.

पट्टे सोडून ठिपक्यांकडे वळलं, तरी तेच गणित पुढे येतं. कमळाचा बिया भरलेला बीजकोश, मधाचं पोळं, स्पंज, तुपात जाळी पडलेला अनारसा: दाटीवाटीने असलेली भोकं पाहून काही जणांच्या अंगावर काटा येतो. एसेक्स विद्यापीठात जेफ कोल आणि विल्किन्स यांनी २०१३ साली २८६ जणांना कमळाच्या बीजकोशाचं चित्र दाखवलं. सुमारे सोळा टक्क्यांना ते नकोसं वाटलं. अशा चित्रांचं विश्लेषण केल्यावर दिसलं, की मधल्या आकारांच्या तपशिलात त्यांचा उठाव निसर्गाच्या सरासरीहून जास्त असतो. काही विषारी प्राण्यांच्या चित्रांतही त्यांना तसाच उठाव आढळला, म्हणून ही विषाची जुनी भीती असावी असं त्यांनी सुचवलं. टॉम कुफर आणि आन ले यांचं मत वेगळं: देवी-गोवरासारख्या पुरळांची किंवा त्वचेवरच्या किड्यांची किळस इथे ओसंडून वाहते आहे. २०१८ साली एमरी विद्यापीठात बाहुल्यांचं मोजमाप झालं. साप-कोळी पाहून डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, तर भोकं पाहून त्या आकसल्या. हा प्रतिसाद भीतीपेक्षा किळसेच्या जवळचा आहे, त्यामुळे दुसऱ्या मताचं पारडं सध्या जड दिसतं.

चित्रकारांना हे सगळं आधीच हाताने कळलं होतं. ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायली यांनी १९६३ साली ‘फॉल’ हे चित्र केलं: काळ्या-पांढऱ्या नागमोडी रेषा, खाली येताना अधिकाधिक दाटत जाणाऱ्या. १९६५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे प्रदर्शन भरलं, आणि त्याच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर रायली यांचंच ‘करंट’ हे चित्र होतं. स्थिर कॅनव्हास डोळ्यांसमोर लाटांसारखा हलतो, पाहणारा गरगरतो, पण खिळूनही राहतो. चित्रासमोरून मात्र बाजूला होता येतं. ऑफिसच्या खिडकीसमोर पट्ट्यांची इमारत असेल, तर रोजचे आठ तास तिच्यापासून सुटका नसते.

शहरातली दृश्यं पाहताना मेंदूचा प्राणवायूचा हिशेब २०१७ साली मोजला गेला. दृश्य निसर्गाच्या प्रमाणापासून जितकं दूर, तितकी अस्वस्थता जास्त आणि प्रतिसाद मोठा. विल्किन्स यांचा दावा आहे, की गेल्या शंभर वर्षांत इमारतींचं रूप दशकागणिक निसर्गाच्या प्रमाणापासून दूरच गेलं आहे. फरशीवरचे पट्टे तर पायही वळवतात: ब्रिस्टल विद्यापीठात यूटे लिओनार्ड्स यांच्या गटाला दिसलं, की तिरक्या पट्ट्यांच्या फरशीवर सरळ चालू पाहणारी माणसं नकळत बाजूला सरकतात. ऑलिव्हिए पेनाकिओ आणि विल्किन्स यांनी २०१५ साली एक गणिती मोजमाप प्रसिद्ध केलं, ज्याने एखादं चित्र किती खुपेल याचा अंदाज निव्वळ चित्रावरूनच करता येतो. इमारतीच्या आराखड्यालाही ते लावता येईल. पट्टे असमान रुंदीचे करणं, गडद-फिकटातला फरक कमी करणं, लांब रेषा मध्येच तोडणं, एवढ्यानेही आकडा खाली येतो, आणि कागदावर असतानाच हे केलं तर फुकटात होतं. इस्पितळांच्या आणि शाळांच्या आराखड्यांना तरी हे मोजमाप सक्तीचं व्हायला हवं.

तोवर एक सोपी युक्ती प्रकाशामुळे झटके येणाऱ्यांना शिकवली जाते. समोर काही लखलखू लागलं किंवा पट्टे नाचू लागले, तर डोळे मिटायचे नाहीत. पापण्यांतून गाळून येणारा उजेड तांबडा होतो, आणि तांबडाच जास्त घातक. त्याऐवजी एका डोळ्यावर तळहात घट्ट दाबायचा आणि मान दुसरीकडे वळवायची. दृष्टिकेंद्रातल्या बहुतेक पेशींना दोन्ही डोळ्यांकडून संकेत मिळतात. एक डोळा पूर्ण झाकला की त्यांची उत्तेजना लगेच घटते. अपस्मार असलेल्या मुलाकडून हे घरी दोन-चार वेळा करवून घ्यावं, आणि त्याच्या वर्गशिक्षकांनाही दाखवून ठेवावं.